गर्दी किती? आधी गुंठे सांगा

वाचक विचारतात

सभेचा मांडव उतरायच्या आत ‘लाखाची सभा’ हे शब्द मोबाइलवर पोचलेले असतात. दुसऱ्या दिवशी विरोधी गट म्हणतो, पाच हजारही नव्हते. या विषयावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रांतली पक्षांची आणि नेत्यांची नावं गाळली आहेत, कारण हिशोब सगळ्यांना एकच लागू होतो.

प्रश्न : आमच्या गावातल्या सभेला ५० हजार लोक होते असं आयोजक सांगतात. मैदान साधारण ३०० फूट बाय २४० फूट आहे. पुढे खुर्च्या, मागे लोक उभे. हा आकडा खरा मानायचा का? मला तो घरी बसून तपासता येईल का?
– निवृत्त शिक्षक, पलूस

तपासता येईल, आणि त्यासाठी गणितही पाचवीपुरतंच लागतं. माणूस जागा व्यापतो आणि मैदानाची जागा ठरलेली असते. म्हणून माणसं मोजायच्या आधी जागा मोजायची.

या पद्धतीचा पाया अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात घातला. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांची निदर्शनं ज्या चौकात होत, तो त्यांच्या खिडकीतून दिसायचा. चौकाच्या फरशीवर आखीव चौकोन होते. काही चौकोनांत किती माणसं मावतात हे त्यांनी मोजलं आणि त्यावरून प्रमाण बसवलं. विरळ, हातभर अंतर ठेवून उभी असलेली गर्दी असेल तर माणशी १० चौरस फूट. खांद्याला खांदा लागलेली दाट गर्दी असेल तर माणशी साडेचार चौरस फूट. हलताही येणार नाही अशी दाटी असेल तर माणशी अडीच चौरस फूट. आजही जगभर याच प्रमाणांपासून सुरुवात करतात.

आपल्याकडे हे गुंठ्यात बसवलं की तोंडी हिशोब होतो. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, अर्थात १,०८९ चौरस फूट. विरळ उभी गर्दी गुंठ्याला ११० माणसं. दाट उभी गर्दी गुंठ्याला २४०. धोक्याची दाटी गुंठ्याला ४३५. प्लास्टिकची हाताची खुर्ची साधारण पावणेदोन-दोन फूट रुंद असते आणि दोन रांगांमध्ये पाय ठेवायला धरून तीन फूट लागतात. मधल्या छोट्या वाटा मिळवल्या की खुर्चीमागे सात चौरस फूट जातात, म्हणजे गुंठ्याला दीडशे खुर्च्या. सतरंजीवर मांडी घालून बसलेले लोक वाटा सोडून गुंठ्याला दोनशे. एवढे पाच आकडे लक्षात ठेवले तर बरंच काम होतं. एकराचा हिशोब हवा असेल तर दाट उभी गर्दी एकरी जवळपास दहा हजार आणि खुर्च्या एकरी सहा हजार.

आता तुमचं मैदान. ३०० गुणिले २४० म्हणजे ७२ हजार चौरस फूट, ६६ गुंठे. यातून प्रेक्षक जिथे असूच शकत नाहीत ती जागा वजा करायची. स्टेज ६० बाय ४० धरलं तर २,४००. स्टेजसमोर बॅरिकेड लावून मोकळी ठेवलेली पट्टी, जिला बंदोबस्तातले लोक ‘डी’ म्हणतात, ती मोठ्या नेत्याच्या सभेत ४० फूट खोल सहज असते. २०० फूट लांब धरली तर ८ हजार. पाहुण्यांच्या ये-जा करायच्या बॅरिकेडबंद वाटा ४ हजार. एलईडी पडदे, साउंडचे मनोरे, पत्रकारांचा चौथरा, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर यांचे १,६००. एकूण १६ हजार गेले. उरले ५६ हजार चौरस फूट, म्हणजे ५१ गुंठे.

या ५६ हजार चौरस फुटांत ५० हजार माणसं घालायची तर माणशी १.१ चौरस फूट येतो. उभ्या माणसाच्या खांद्यांची रुंदी दीड फूट आणि छाती ते पाठ दहा इंच ते एक फूट असते. नुसत्या शरीरालाच सव्वा ते दीड चौरस फूट लागतात. म्हणजे हा आकडा फुगवलेला आहे इतकंच म्हणून भागत नाही, तो त्या मैदानात शक्यच नाही. एकही खुर्ची न टाकता मैदान काठोकाठ, खांद्याला खांदा लावून भरलं असतं तरी बारा-साडेबारा हजार झाले असते.

खरी संख्या काढायची तर मैदानाचे भाग पाडा. समजा ३० गुंठ्यांत खुर्च्या होत्या आणि सगळ्या भरल्या होत्या : साडेचार हजार. मागे ५ गुंठ्यांत दाट उभी गर्दी : १,२००. त्याच्या मागे आणि बाजूला ७ गुंठ्यांत विरळ गर्दी : ७७०. उरलेले ९ गुंठे मोकळे. बेरीज ६,४७०. कंपाउंडवर, रस्त्यावर, आजूबाजूच्या स्लॅबवर आणखी पाचशे धरा. उत्तर ‘सहा ते आठ हजार’ असं द्यायचं. ‘६,९७०’ असं कधीही लिहू नका; या पद्धतीत वीस टक्के इकडे-तिकडे होतातच, आणि शेवटच्या अंकापर्यंत आकडा सांगणाऱ्याने बहुतेक वेळा काहीच मोजलेलं नसतं.

मैदानाचं माप मिळवायला टेप घेऊन जावं लागत नाही. गूगल अर्थ उघडा, मैदान शोधा, मोजपट्टीचं चिन्ह दाबा आणि मैदानाच्या कोपऱ्यांवर एकेक टिचकी देत पहिल्या कोपऱ्यावर परत या. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येईल. १०१ ने भागलं की गुंठे. सांगलीचं तरुण भारत स्टेडियम, साताऱ्याचं जिल्हा परिषद मैदान किंवा कऱ्हाडचं शिवाजी स्टेडियम, कुठलंही पाच मिनिटांत मोजून होतं. उपग्रहाचं चित्र जुनं असू शकतं, त्यामुळे नंतर झालेलं बांधकाम किंवा पत्र्याची शेड वजा करायला विसरू नका. सभा शेतात असेल तर सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतंच. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ गुंठाच. फक्त सातबाऱ्यावरचं सगळं क्षेत्र सभेसाठी साफ केलेलं नसतं. कडेचा ऊस उभा असेल तर तो वजा.

चूक सहसा घनतेत होते. लोक स्टेजसमोरच्या दाट भागाकडे बघून तीच दाटी शेवटच्या कुंपणापर्यंत धरतात. गर्दी मात्र पुढे आणि वाटांच्या तोंडाशी घट्ट आणि कडेला व मागे सैल असते. म्हणून दहा फूट बाय दहा फुटांचे नमुने किमान नऊ घ्या : पुढे तीन, मध्ये तीन, मागे तीन. प्रत्येकात माणसं मोजा. खुर्च्यांच्या भागात शंभर खुर्च्यांमागे किती रिकाम्या ते मोजा. आणि वेळ लिहा. मुख्य वक्ता बोलायला उठतो तेव्हाची पहिली दहा-पंधरा मिनिटं गर्दी बहुधा सर्वात जास्त असते. अर्ध्या तासाने मागची माणसं एसटी आणि वडाप गाठायला निघालेली असतात.

प्रश्न : पण वर्तमानपत्रातल्या फोटोत तर मुंगीला शिरायला जागा दिसत नाही. फोटो खोटा कसा असेल?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कऱ्हाड

फोटो खरा असूनही रिकामी जागा लपवू शकतो. स्टेज सहा फूट उंच आणि त्यावर उभा छायाचित्रकार, म्हणजे कॅमेरा जमिनीपासून साधारण १२ फुटांवर. बसलेल्या माणसाचं डोकं ४ फुटांवर. स्टेजपासून १५० फुटांवरच्या रांगेतलं डोकं त्याच्यामागची किती जमीन झाकतं? अंतराला डोक्याच्या उंचीने गुणायचं आणि कॅमेरा व डोकं यांच्या उंचीतल्या फरकाने भागायचं. १५० गुणिले ४, भागिले ८ : ७५ फूट. म्हणजे त्या रांगेमागे ७५ फुटांची पट्टी पूर्ण रिकामी असली तरी कॅमेऱ्याला मातीचा कणही दिसणार नाही. त्यापलीकडची डोकी या डोक्यांना चिकटलेली दिसतील. तोच कॅमेरा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, ४० फुटांवर नेला तर झाकलेली पट्टी १७ फुटांवर येते. लांब पल्ल्याची लेन्स लावली की पुढची-मागची गर्दी आणखीनच जवळ आल्यासारखी वाटते.

म्हणून फोटो बघताना आधी तो किती उंचीवरून काढलाय ते पाहा. रिकाम्या खुर्च्या, मांडवाचे खांब, मधल्या वाटा, जमिनीचा रंग यातलं काहीच दिसत नसेल तर त्या फोटोवरून संख्या सांगू नका. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या चार भिंतींपाशी उभं राहिलं की शहर चांगलं दिसतं, पण तिथून कोन तिरका आणि अंतर लांब पडतं. मैदानाचा कुठला भाग भरलाय एवढंच त्यावरून ठरवता येईल, डोकी मोजता येणार नाहीत. सगळ्यात उपयोगी असतो तो सरळ वरून, काटकोनात घेतलेला ड्रोनचा फोटो. मात्र मोठ्या नेत्यांच्या सभेला पोलीस ड्रोनवर बंदी घालतात, आणि बंदी नसली तरी लोकांच्या डोक्यावरून ड्रोन उडवणं धोक्याचंच. आयोजकांच्या अधिकृत चित्रीकरणात ड्रोनची दृश्यं असतात. त्यातला सरळ वरचा क्षण थांबवून वापरा.

त्या फोटोवर चौकोनी जाळी आखून दहा-पंधरा चौकोनांतली डोकी मोजायची. आपल्याकडच्या सभांत पांढऱ्या टोप्या आणि फेटे दिवसा पटकन मोजता येतात, काळी डोकी सावलीत हरवतात. त्यामुळे टोपीवाल्यांचा भाग दाट आणि बाकीचा विरळ असल्याचा भास होतो. पावसात छत्र्या मोजायची वेळ आली तर सव्वातीन फूट व्यासाची छत्री सव्वाआठ चौरस फूट झाकते आणि तिच्याखाली एक किंवा दोन माणसं असतात. दीडने गुणा आणि आकड्यापुढे ‘अंदाजे’ लिहा.

प्रश्न : पोलिसांचा आकडा आणि आयोजकांचा आकडा यात तिप्पट-चौपट फरक असतो. कुठला छापायचा? दोन्हींची सरासरी काढली तर चालेल का?
– साप्ताहिकाचे बातमीदार, कोरेगाव

सरासरी काढू नका. एक आकडा मोजलेला आणि एक मनातला असेल तर त्यांची सरासरीही मनातलीच. आधी दोघं कशाबद्दल बोलतायत ते विचारा. हाँगकाँगमध्ये १६ जून २०१९ च्या मोर्चाला आयोजकांनी जवळपास २० लाख म्हटलं आणि पोलिसांनी ३ लाख ३८ हजार. पोलिसांचा आकडा ठरलेल्या मार्गावर एका वेळी असलेल्या सर्वाधिक लोकांचा होता. आयोजक दिवसभरात आलेल्या सगळ्यांबद्दल बोलत होते. एका क्षणाची गर्दी आणि दिवसभराची एकूण हजेरी या दोन वेगळ्या संख्या आहेत. चार तासांच्या बसलेल्या सभेत त्यांच्यात फार फरक पडत नाही. दिवसभराच्या मोर्चात किंवा यात्रेत तो अनेक पटींचा असू शकतो.

दोघांनी प्रामाणिकपणे मोजूनही फरक पडतो. वॉशिंग्टनमध्ये १६ ऑक्टोबर १९९५ ला कृष्णवर्णीय पुरुषांचा ‘मिलियन मॅन मार्च’ झाला. तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ४ लाख सांगितले. आयोजकांनी कोर्टात खेचायची धमकी दिली. बोस्टन विद्यापीठातले फारूक अल-बाझ यांनी हवाई छायाचित्रांवरून पुन्हा हिशोब केला आणि ८ लाख ३७ हजार सांगितले, तेही वीस टक्के कमी-जास्त धरून. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने उद्यान सेवेला गर्दी मोजायला पैसे वापरण्यास मनाई केली. आकड्याला राजकीय किंमत आली की सरकारी खातं मोजणंच सोडून देतं. आपल्याकडेही ‘पोलीस सूत्रांनुसार’ म्हणून जे येतं त्यामागे क्षेत्रफळाचा हिशोब आहे की एखाद्या अंमलदाराचा नजर-अंदाज, हे विचारल्याशिवाय छापू नका.

बातमीत असं लिहिता येईल : ‘आयोजकांचा दावा ५० हजारांचा. मैदानातला प्रेक्षकांसाठीचा भाग ५१ गुंठे. सायंकाळी सात वाजता त्यातला सुमारे ४२ गुंठे भरलेला होता. त्यानुसार उपस्थिती सहा ते आठ हजार.’ चार वाक्यं लागतात, पण ज्याला शंका येईल तो स्वतः मोजून बघू शकतो.

आणखी तीन ठिकाणी कागद सापडतात. एक, परवानगीचा अर्ज. मैदान ज्याच्या ताब्यात आहे त्या नगरपालिकेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे आणि पोलीस ठाण्याकडे दिलेल्या अर्जात अपेक्षित संख्या लिहिलेली असते. ती आणि व्यासपीठावरून सांगितलेली संख्या शेजारी शेजारी ठेवा. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, एकच विषय ठेवा, मजकूर १५० शब्दांत बसवा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. दोन, एसटी. सभेसाठी प्रासंगिक करारावर किती गाड्या दिल्या याची नोंद आगारात असते. तीन, निवडणुकीचा काळ असेल तर आयोगाची चित्रीकरण पथकं सभेत खुर्च्या, वाहनं, स्टेजचं माप, ध्वनिक्षेपक यांचं चित्रण करतात, कारण त्यावरून उमेदवाराचा खर्च धरला जातो. विधानसभा किंवा लोकसभेच्या उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि तो पाहता येतो. व्यासपीठावर लाख सांगणाऱ्याच्या हिशोबात चार हजार खुर्च्यांचं भाडं असेल, तर बातमी तिथे आहे.

प्रश्न : आमच्याकडे गाड्यांवरून अंदाज बांधतात. ‘हजार गाड्या आल्या म्हणजे पन्नास हजार माणसं’ हे बरोबर का?
– हॉटेलमालक, विटा

हजारच्या हजार बस असतील तर. पण त्यात कोणती वाहनं किती हे कोणी सांगत नाही. बसमध्ये ५०, वडापच्या जीपमध्ये १०-१२, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये १७, मोटारीत ४, दुचाकीवर दोनपेक्षा थोडी कमी. दोनशे बस, चारशे जीप आणि चारशे मोटारी अशा हजार गाड्या धरल्या तर सुमारे सोळा हजार माणसं होतात. सगळ्या मोटारीच असतील तर चार हजार. शिवाय नेत्यांच्या ताफ्यातल्या गाड्या, चॅनेलच्या गाड्या आणि त्याच रस्त्याने बाजाराला निघालेल्या गाड्याही मोजल्या जातात.

गाड्यांचा उपयोग दावा तपासायला जास्त होतो. एक लाख माणसं बसनेच आणायची तर दोन हजार बस लागतील. बस ११ मीटर लांब आणि मध्ये दोन मीटर सोडले तर एकामागे एक उभ्या केल्यावर रांग २६ किलोमीटर होते, साताऱ्याहून कऱ्हाडच्या निम्म्या वाटेपर्यंत. त्या दिवशी महामार्ग नेहमीसारखा वाहत होता का, पार्किंगला किती एकर रान घेतलं होतं, एवढंच विचारा.

प्रश्न : मोर्चा चालता असतो. त्याला मैदानाचा हिशोब कसा लावायचा? २०१६ च्या मूक मोर्चांपासून सांगली-मिरजेत हा वाद दर वेळी होतो.
– व्यापारी, मिरज

दोन पद्धती आहेत आणि दोन्ही वापरून पाहाव्यात.

पहिली लांबीची. समजा रस्ता ४० फूट रुंद आहे. एक किलोमीटर लांबीत १ लाख ३१ हजार चौरस फूट, म्हणजे १२० गुंठे भरतात. चालत्या मोर्चात माणशी १० चौरस फूट लागतातच, नाहीतर पाऊल पुढे पडत नाही. म्हणून किलोमीटरला १३ हजार. थांबलेला, खच्चून भरलेला मोर्चा असेल तर २९ हजार. मोर्चाचं तोंड आणि शेपूट एकाच वेळी कुठे होतं हे दोघांनी फोनवर बोलून ठरवायचं आणि मधलं अंतर नकाशावर मोजायचं. दुभाजक, उभ्या गाड्या, फूटपाथवरचे बघे वगळायचे की धरायचे ते आधी ठरवा. बघ्यांना मोजणं चूक नाही, पण वेगळं मोजा.

दुसरी वाहत्या गर्दीची. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून रस्त्यावरची एक आडवी रेघ पकडा, एखादा विजेचा खांब आणि समोरच्या दुकानाची पायरी. दर पाच मिनिटांतलं एक मिनिट मोबाइलवर चित्रित करा आणि नंतर निम्म्या वेगाने बघत रेघ ओलांडणारी माणसं पाच-पाचच्या गटाने मोजा. मिनिटाला सरासरी ३०० आणि मोर्चा तीन तास चालला तर ५४ हजार. इथे घोटाळा होतो तो मिनिटं निवडताना : मोठा जथ्था आला की मोजायचं आणि खंड पडला की थांबायचं, असं केलं की आकडा सहज दीडपट होतो. घड्याळ सांगेल तेच मिनिट, मग समोर रस्ता रिकामा का असेना.

तरीही एका जागेवरून मोजताना पुढच्या चौकात सामील झालेले सुटतात. त्यासाठी हाँगकाँग विद्यापीठातले पॉल यिप यांच्या गटाने दोन ठिकाणं धरून मोजायची पद्धत वापरली. समजा पहिल्या ठिकाणी ३० हजार मोजले, पुढच्या ठिकाणी ४० हजार. पुढच्या ठिकाणी दोनशे-तीनशे जणांना विचारलं की पहिल्या चौकातून चालत आलात का. ६० टक्के हो म्हणाले. म्हणजे ४० हजारांतले ४० टक्के, १६ हजार, मध्येच आलेले. एकूण ४६ हजार. ३० अधिक ४० म्हणजे ७० हजार अशी बेरीज केली तर निम्मे लोक दोनदा धरले जातात, आणि ही चूक फार होते. विचारताना ओळीतला दर विसावा माणूस घ्या. ओळखीचे आणि झेंडा धरलेले निवडलेत तर ते सगळे सुरुवातीपासूनचेच निघतील.

आळंदीहून निघालेली पालखी लोणंद-फलटणच्या वाटेवर असते तेव्हाही हीच अडचण येते. दिंड्यांना क्रमांक असतात म्हणून दिंडीतली माणसं मोजणं त्यामानाने सोपं. एका मुक्कामापुरते येणारे, रिंगणाला येऊन संध्याकाळी घरी परतणारे, ट्रकमधून पुढे गेलेले यांना एका आकड्यात बसवता येत नाही. तिथे ‘अमुक वाजता अमुक ठिकाणी’ असंच लिहावं.

प्रश्न : जेवणाची पाकिटं किती वाटली यावरून संख्या काढता येते का?
– आटपाडी

नाही. दोन-दोन पाकिटं घेणारे असतात, उरलेली गाडीत परत जातात, आणि जवळच्या गावचे लोक जेवून आलेले असतात.

प्रश्न : आता फोटो टाकला की डोकी मोजून देणारी ॲप्स आहेत. मग एवढा खटाटोप कशाला?
– संगणक शिक्षक, वाई

फोटो चांगला असेल तर ती उपयोगी आहेत. पण त्यांनी शिकलेले फोटो बहुतांश परदेशी रस्त्यांचे असतात. झेंडे, फेटे, पदर आणि लांबच्या दहा-बारा ठिपक्यांएवढ्या डोक्यांवर ती अडखळतात, आणि दिसत नसलेल्या जागेबद्दल तर काहीच सांगू शकत नाहीत. स्टेजवरून काढलेल्या फोटोतली लपलेली ७५ फुटांची पट्टी ॲपलाही दिसत नाही. फोटोतल्या एका कोपऱ्यातली शंभर डोकी हाताने मोजा, ॲपनं तिथे किती सांगितली ते पाहा, आणि मगच बाकीच्या फोटोवर विश्वास ठेवायचा का ते ठरवा.

प्रश्न : आमची उत्सव समिती मोकळ्या मैदानात कार्यक्रम घेते. तासगावचा रथोत्सव पाहिलेल्या माणसाला गर्दीची भीती सांगायला लागत नाही. अर्जात अपेक्षित संख्या किती लिहावी? कमी लिहिली तर परवानगी लवकर मिळते असं काही जण सांगतात.
– समितीचे कार्यकर्ते, तासगाव तालुका

कमी लिहू नका. २७ सप्टेंबर २०२५ ला तमिळनाडूत करूर इथे राजकीय सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ माणसं गेली. आयोजकांनी १० हजारांची अपेक्षा कळवली होती आणि सुमारे २७ हजार आले, असं पोलिसांनी सांगितलं. बंदोबस्त, पाणी, रुग्णवाहिका, दारं हे सगळं अर्जातल्या आकड्यावर ठरतं. सातारा जिल्ह्यात तर २५ जानेवारी २००५ ची मांढरदेवीची यात्रा कोणी विसरलेलं नाही. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि त्यावर मावणार नाही एवढी गर्दी. जवळजवळ तीनशे भाविक गेले. फुगवलेला आकडा वाचकाला फसवतो. दडवलेल्या आकड्याने माणसं मरतात.

क्षमता अशी काढा. वापरण्याजोगे गुंठे मोजा, वर सांगितल्याप्रमाणे वजाबाकी करून. बैठक असेल तर गुंठ्याला दोनशे, खुर्च्या असतील तर दीडशे, उभे राहायचे असतील तर नियोजनात दीडशेच्या वर जाऊ नका. प्रत्यक्षात गर्दी पुढे सरकून दाट होतेच, ती जागा आधीच राखलेली हवी. कुठल्याही भागात चौरस मीटरला चार माणसं, म्हणजे गुंठ्याला चारशे दिसू लागली की त्या बाजूची आवक थांबवायची. पाचाच्या पुढे धोका वाढत जातो. सहा-सातला माणसाचे पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत, लाट येईल तसा तो ढकलला जातो आणि उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. पुढची माणसं मागे वळून पाहत असतील, हात वर काढून उभी असतील, लहान मुलांना डोक्यावरून पुढे दिलं जात असेल, तर माइकवरून कार्यक्रम थांबवा. ‘शांत राहा’ एवढंच सांगून उपयोग होत नाही. मागच्यांनी दहा पावलं मागे सरकावं असं स्पष्ट सांगा, कारण दाब मागून येत असतो आणि मागच्यांना पुढचं काही दिसत नसतं.

आता दारं. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं बाहेर पडू शकतात असं धरतात, आणि आठ मिनिटांत मैदान रिकामं व्हायला हवं. आपल्या मापात फुटाला मिनिटाला २५, आठ मिनिटांत दोनशे. म्हणजे दर दोनशे माणसांमागे एक फूट दार. दहा हजार माणसांना एकूण ५० फूट रुंदीची दारं लागतात, आणि तीही सर्वात मोठं दार बंद पडलं असं धरून उरलेल्यांची बेरीज. पायऱ्या असतील तर रुंदी आणखी सव्वापट. कमानीचे खांब, दारातली पाणपोई, चपलांचे ढीग, दारासमोर लावलेल्या दुचाकी हे सगळं त्या ५० फुटांतून वजा होतं. अर्जाला जोडायच्या नकाशावर प्रत्येक दाराची मोकळी रुंदी फुटांत लिहा आणि कार्यक्रम सुरू असताना दर अर्ध्या तासाने सगळी दारं उघडी आहेत आणि समोर वाहन उभं नाही हे पाहायला एक जण नेमा. कुलपाच्या किल्ल्या त्याच्याकडे नको, दारावरच्या माणसाकडेच हव्यात.